टेकडीवरचा पाळणा

एका राज्यात जमीन राजाचं ऐकत नसे. ती एका रेशमी पटाचं ऐकत असे. कुणा मांत्रिकाने त्यावर सारं राज्य रंगवलं होतं. हिरव्या रंगावर कुरण उगवे, तांबड्यावर घरं उभी राहत. हिरव्यावर कुणी घर बांधलंच, तर पहाटे भिंतींना पालवी फुटे आणि उजाडेतो तिथे नुसतं गवत डुले.

नदी तेवढी पटालाही जुमानत नसे. तिने पात्र बदललं आणि उल्काचं गाव गिळलं. माणसं शेजारच्या टेकडीवर चढली. टेकडी हिरवी. रोज झोपडी बांधावी, रोज तिचं गवत व्हावं. तिथेच, उघड्यावर, उल्काची बहीण बाळंत झाली. बाळ थंडीने काळंनिळं पडू लागलं.

"धीर धर," म्हातारे म्हणाले. "पट बदलायचा म्हणजे हयात जाते."

"बाळाची हयात अजून सुरू व्हायचीय," उल्का म्हणाली आणि निघाली.

पटाचे राखणदार तीन वृद्ध पक्षी. पूर्वी ते एकाच फांदीवर बसत. मग एका राजाने मान म्हणून प्रत्येकाला वेगळा मनोरा दिला, आणि तेव्हापासून राज्याला दिरंगाईचा शाप लागला.

पट आणि कुंचला गरुडाकडे. तो म्हणाला, "आधी रंग आण."

रंग राघूकडे. "आधी पाणी आण."

पाणी हंसाकडे. "आधी कुंचला आण."

"आजोबा, तुम्हीच एकमेकांशी का बोलत नाही?" उल्काने हंसाला विचारलं.

"मनोरा उतरलो तर मान जातो, पोरी."

उल्काने ओच्यातून अक्षता काढल्या. "भाच्याचं बारसं आहे. टेकडीवर यायचं हं."

हंसाने सवयीने दाणे टिपले. मग आपल्या मनोऱ्यात गरुडाने. शेवटी राघूने, आणि चोच मिटताच तो चमकला. "फसवलंस!"

"आमंत्रण दिलं. खाल्लंत तुम्ही."

अक्षत घेतली की जावंच लागे. त्या राज्यात पक्ष्यांनाही यातून सूट नव्हती. तिघे आले. एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून आपापली ठेव घेऊनच आले.

"पाळणा जमिनीवर का?" हंसाने विचारलं.

"टांगायला आढं नाही, आजोबा. तुमच्या मनोऱ्यांना आहे."

हंसाने पाणी पुढे सरकवलं. तेवढ्यात गुराखी भिवजी पुढे झाला. "टेकडी घ्याल, मग आमच्या गुरांनी चरायचं कुठे?"

"नदीच्या जुन्या पात्रात. ते हिरवं करू. कबूल?"

"सगळ्यांसमोर म्हणतेस ना? मग कबूल."

हंसाने पाणी ओतलं, राघूने रंग कालवले, गरुडाने पट पसरून कुंचला पुढे केला. उल्काने पटावरच्या टेकडीवर तांबडी रेघ ओढली, जुन्या पात्रावर हिरवी. टेकडीने श्वास घेतला. पायाचे दगड मातीतून आपसूक वर आले, आणि दूर, कोरड्या पात्रात गवताची लाट क्षितिजापर्यंत धावत गेली. गुरं हंबरली.

माणसांनी घर उभं केलं आणि पहाटे भिंतींवर हात ठेवून वाट पाहिली. पालवी फुटली नाही.

मनोरे ओस पडले. तिघे टेकडीवरच्या एका फांदीवर बसू लागले. ज्याला बदल हवा त्याने तिथे सांगावं, ज्याची हरकत असेल त्यानेही तिथेच बोलावं, आणि दिवेलागणीआधी निकाल व्हावा.

बाळाचं नाव मात्र गडबडीत राहूनच गेलं होतं. आढ्याला टांगलेला पाळणा कुरकुरला, तेव्हा राघूनेच वाकून ते त्याच्या कानात सांगितलं.