काठोकाठ भरलेली परात

“पण मांस मऊ का होईना, नाना?”

अंतूनाना माळ ओढत ओसरीवर बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

हैबती अंगणातच उभा राहिला. खांद्यावर बंदूक होती, धोतरावर रक्ताचे शिंतोडे होते. माळकऱ्याच्या ओसरीवर तशा अंगानं चढायचं नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

शिकारीला बंदी नव्हती आणि रानडुकरं एका रात्रीत उभा हरभरा उकरून टाकत, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या त्या गावात हैबतीसारखा नेमबाज नव्हता. त्याचा नेम चुकत नसे, आणि शिकारीनंतर पारावर जाऊन तो नेम साग्रसंगीत सांगायलाही तो चुकत नसे. आपल्या घरच्यांपेक्षा पारावरची माणसं त्याला जास्त ओळखत.

नानांची गंमत वेगळी होती. तरुणपणी शिकारीला निघालेल्या टोळ्या त्यांना मुद्दाम बरोबर नेत, ते केवळ त्यांच्या हातच्या मटणासाठी. मग त्यांनी माळ घातली आणि सगळं सोडलं. आता मांसाला शिवतही नसत. तरी मांस बिघडलं की गाव त्यांच्याकडेच येई.

नानांनी माळ पिशवीत ठेवली.

“कुणासाठी शिजवतोस?”

“आयेसाठी.”

हैबतीची आई, कोंडाबाई, तापातून उठली होती. ताप गेला, पण तोंडाची चव घेऊन गेला. भाकरीचा तुकडा घ्यायची आणि ताट सरकवायची. अंगावर नुसती हाडं राहिली होती. मग एके दिवशी आपणहून म्हणाली, रानडुकराचं मटण खावंसं वाटतंय. हैबतीला आभाळ ठेंगणं झालं. तेवढं एकच तर त्याला आणता येत होतं.

पहिल्यांदा त्यानं चुलीत ढणढण जाळ घातला. मांस चपलेच्या तळव्यासारखं झालं. दुसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं म्हणून कच्च्या पपईचा चीक चोळचोळ चोळला. वरून लगदा झाला, आत होतं तसंच चिवट राहिलं.

दोन्ही वेळा म्हातारीनं घास तोंडात घेतला, दात नसलेल्या हिरड्यांनी इकडून तिकडे फिरवला, आणि लेकाचं लक्ष नाही असं बघून हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला. “रस्सा ग्वाड झालाय बाबा,” म्हणाली.

हैबतीचं लक्ष होतं. तो घास त्याला गोळीसारखा लागला होता.

“आज तिसरं मारलंय,” तो म्हणाला. “आता तरी सांगा.”

“कसं मारलंस?”

झालं. हैबतीला हेच हवं होतं. कुत्री कशी सुटली, डुक्कर ओढा उतरून करवंदीत कसं शिरलं, उन्हाचा डोंगर चढून पुन्हा कसं उतरलं, आणि दिवस कलताना एकाच गोळीत कसं आडवं केलं, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं.

नाना ऐकत राहिले.

“म्हणजे दिवसभर पळालंय ते.”

“मंग? सोपं न्हवतं!”

“आज शिजवू नकोस. गार जागी टांग. निजू दे त्याला...”

हैबतीला हसू आलं. मेलेलं डुक्कर आणखी काय निजायचं? पण गरज त्याची होती. तो गुमान घरी गेला आणि त्यानं ते टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नाना आले ते हैबतीच्या मागच्या परसात, शेवग्याखाली, चुलीकडे पाठ करून बसले. तिथूनच एकेक सांगत गेले. आंबट दही, आलं-लसूण, हळद, मीठ. पपई नखभर, तीही दह्यात कालवून. चोळून झालं की झाकून ठेव.

ऊन शेवग्याच्या शेंड्यावरून खाली उतरलं तेव्हा पातेलं चुलीवर चढलं. तेलात कांदा लाल झाला, मांस पडलं, खमंग वास सुटला. नानांनी नाकाशी उपरणं धरलं नाही. नुसते हसले.

“नाना, तुम्ही खात न्हाई, बघत न्हाई. मंग चव कशी सांगणार?”

“चव तुझी आई सांगंल.”

हैबतीनं लाकूड आत सारलं.

“ओढ,” नाना म्हणाले.

त्यानं लाकूड ओढलं.

“आणखी ओढ.”

आता चुलीत निखारेच उरले.

“इझंल की, नाना.”

“इझलं तर सांग...”

नानांनी पातेल्यावर पितळी परात झाकायला लावली आणि परातीत पाणी ओतायला लावलं. हे काही नवं नव्हतं. वर पाणी असलं की आत वाफेचं पाणी सुटतं, मांस आपल्याच रसात शिजतं, हे घाटावरच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. हैबतीच्या हाताला मात्र दम नव्हता. जरा वेळ गेला की परात उचलायचा, काडीनं टोचायचा, वाफ घालवायचा आणि पुन्हा झाकायचा.

नानांना पाठीमागून परातीचा आवाज येत होता. एकदा आला. पुन्हा आला. पुन्हा आला...

ते उठले. कोपऱ्यातली कळशी उचलून आणली आणि परातीत पाणी ओतू लागले. पाणी काठाला लागलं तरी थांबले नाहीत. अगदी काठोकाठ आल्यावर धार तोडली आणि परत जागेवर जाऊन पाठ करून बसले.

हैबती परातीकडे बघत राहिला. आता ती बोटभर हलवली तरी पाणी निखाऱ्यांवर पडणार होतं. काही करण्याजोगं उरलंच नाही. तो चुलीपुढं मांडी घालून बसला. इतक्या वर्षांत तो तिथं असा कधी बसला नव्हता.

थोड्या वेळानं काठी टेकत कोंडाबाई बाहेर आली. सुपात पावट्याच्या शेंगा होत्या. लेकाच्या शेजारी बसली आणि मूठभर शेंगा त्याच्यापुढं टाकल्या.

“हात रिकामंच हैत. सोल.”

तो सोलू लागला. म्हातारीनं विचारलं, डुक्कर कुठं गावलं? त्यानं पारावरच्या सुरात सुरुवात केली, पण ती मधेच विचारायची, दुपारी काही खाल्लंस का, करवंदीत पाय फाटला का, कुत्री पाणी प्याली का. असलं पारावर कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याचा सूर उतरत गेला आणि पाय खरंच फाटला होता हे त्यानं तिला दाखवलं. तिनं जखमेवर हळद दाबली.

मग ती बोलत राहिली. ओढ्याला पूर आला होता तेव्हाचं, त्याच्या बारशाचं, त्याच्या बापाचं. “तुझा बाप रानात जायचा, पर कधी ससा बी मारून आणला न्हाई. रिकाम्या हातानं यायचा आन असाच हितं बसायचा,” म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

तापानंतर तिला हसताना हैबती पहिल्यांदाच पाहत होता. त्याला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

पातेलं तो विसरूनच गेला होता. सूप दाण्यांनी भरलं, सावल्या लांबल्या, तेव्हा नाना म्हणाले, “आता उतरव.”

मांस बोटानं सुटत होतं. त्यानं आईचं ताट वाढलं आणि समोर बसला. तिच्या तोंडाकडे बघायचा त्याला धीर होईना. ताटाच्या कडेकडे बघत राहिला.

म्हातारीनं घास घेतला. दुसरा घेतला.

कड रिकामीच राहिली.

“आणखी वाढ की,” कोंडाबाई म्हणाली.

हैबतीनं पोटभर वाढलं, मग उठला तो शेवग्याखाली गेला आणि नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. डोळे पुसत म्हणाला, “कळलं, नाना. आता बघा. उद्या पहाटंच रानात जातो. दुसरं आणतो. रोज खाऊ घालतो तिला.”

नानांनी मान वळवून चुलीकडे पाहिलं. म्हातारीचं जेवण झालं होतं, तरी ती आत गेली नव्हती. निखाऱ्यांपुढं बसून लेकाच्या जागेवरची टरफलं एका हातानं गोळा करत होती...

“उद्या पातेल्यात काही घालू नकोस, हैबती,” नाना म्हणाले. “परात तेवढी काठोकाठ भर.”