न आळलेली भाजी

घोळ उपटून बांधावर फेकली, तरी पावसाच्या एका सरीत ती पुन्हा मूळ धरते.

एक लोखंडी चिमटा, टोकाशी वाकलेला.

साठ पत्रावळी.

चुलीमागे पालथी घातलेली मातीची बरणी.

"माझ्या पायांशी काय काम आहे तुझं?"

भाविकहो, भुजंगनाथ महाराज तेव्हा तांबडवाडीत, ओढ्याकाठच्या भैरोबाच्या देवळात राहत होते. महाराज रागीट होते. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लोक त्यांच्या रागाला भीत आणि त्या रागासाठीच त्यांच्याकडे येत, कारण महाराज स्वतःसाठी कधी रागावले नाहीत.

दर गुरुवारी देवळापुढे पंगत बसे. भाकरी ज्याची त्याने फडक्यात बांधून आणायची आणि कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचे कालवण, पाळीच्या घराने करायचे, असा गावाचा रिवाज होता. एकेका गुरुवारी एकेक घर. कुणी वांगी करी, कुणी आमटी. महाराज सगळ्यांबरोबर मातीत बसून जेवत. पाळी गावभर फिरली आणि पुन्हा पहिल्या घराशी आली, तेव्हा महाराजांनी विचारले, "ओढ्यापलीकडचं ते एक घर राहिलं. का?"

ते घर लोचनाबाईचे. नवरा वारलेला, सासू आंधळी, शेत नाही. पावसाळाभर ती लोकांच्या बांधावरच्या तांदुळजा, घोळ, पाथरी अशा रानभाज्या खुडून आणी. त्यावर दोन जिवांचे पोट भरे.

गावचे पाटील हैबतराव हसले. "तिची कसली पाळी, महाराज? आमच्या भांगलणीच्या बाया जे तण उपटून फेकतात, ते ही शिजवून खाते. तुमच्या पानात तण वाढायचं का?"

"वाढ म्हणावं," महाराज म्हणाले. "मी तण खातो."

चारचौघांत शब्द खाली पडला, हे हैबतरावांना सोसले नाही. ते उठून उभे राहिले. "बरं. पण पाळी म्हणजे पाळी. साठ माणसं जेवली पाहिजेत. एकजण जरी कोरडी भाकरी खाऊन उठला, तर दुसऱ्या दिवसापासून हिनं माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाही."

गावातले निम्मे बांध पाटलांचे होते. मागे उभ्या असलेल्या लोचनाबाईने हे ऐकले. तिच्या कानशिलांवर रक्त चढले.

"मान्य हाय," ती म्हणाली. "आन् पाटील, जेवायला तुमीबी या."

गुरुवारी उजाडायच्या आत ती शिवारात होती. तांदुळजा खुडला, घोळ खुडली, पाच पाट्या भरल्या. सासू दारात बसून हाताच्या अंदाजाने निवडत होती: कोवळा शेंडा ठेवायचा, जून देठ टाकायचा. शेजारच्या दोघी मदतीला येऊन बसल्या. लांबून पाटलांचा फेटा दिसला, तशा पदर झाडून निघून गेल्या. लोचनाबाईने त्यांच्या पाठीकडे पाहिले आणि पाला पाण्यात असा आपटला की अंगण भिजले. एक पाणी, दुसरे पाणी, तिसरे पाणी. चौथ्यांदा तळाशी माती बसली नाही.

देवळातली मोठी कढई तिने अंगणात तीन दगडांवर चढवली. होते तेवढे तेल, ठेचलेला लसूण, मिरच्या. वर पाला. कढईवर हिरवा डोंगर उभा राहिला.

आता भाविकहो, घरात पालेभाजी करणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. पाला आळतो. पाटीभर चढवला तर वाटीभर उतरतो. म्हणून मीठ आधी घालायचे नाही. पाला बसू द्यायचा, उरेल तेवढ्याच्या मापाने मीठ घालायचे. हे दहा वर्षांच्या पोरीला कळते. हैबतरावांना कळत नव्हते. त्यांनी जन्मात चुलीपुढे बसून पाहिले नव्हते.

ते उपरण्यात खडेमीठ बांधून आले होते. "पाटलाच्या घरचं काहीच नव्हतं, असं उद्या कुणी म्हणायला नको," ते म्हणाले. "मीठ घातलंस?"

"आत्ता न्हाई. पाला आळल्यावर."

"तू मला शिकव," म्हणत त्यांनी डोंगराकडे पाहिले, डोंगराच्या मापाने मीठ घेतले आणि तीन ओंजळी कढईत टाकल्या.

दारातल्या सासूने खड्यांचा आवाज ऐकला. "अगं, कुणी टाकलं? इतकं?" ती ओरडली. "इख झालं की गं त्याचं!"

हैबतरावांना तेव्हा उमगले आपण काय केले. माणूस तिथे थांबू शकतो. चूक झाली म्हणू शकतो. ते हसले. "वा! मग आता खा म्हणावं साठ जणांनी," आणि अंगणातल्या बाजेवर बैठक मारली.

लोचनाबाई रडली नाही. हातातला झारा तसाच घेऊन ती देवळात गेली. पंगत बसत होती. महाराजांपुढे उभी राहून ती म्हणाली, "म्हाराज, मी कवा पाळी मागितली व्हती? तुमी म्हणाला म्हणून कढई चढवली. आता भाजीत खारट समुद्र झालाय, आन् उद्यापासनं माझ्या म्हातारीनं काय खायाचं? सांगा की! तुमचं नाव घेते मी रोज. फुकट घेते का?"

लोक हबकले. महाराजांशी असे कुणी बोलले नव्हते.

महाराजांचे डोळे लाल झाले. "खरं बोलतेस," ते म्हणाले आणि चिमटा घेऊन उठले.

ते अंगणात आले ते तडक कढईपाशी. बाजेकडे त्यांनी पाहिलेही नाही. चिमटा त्यांनी कढईच्या काठावर असा हाणला की त्याचे टोक वाकले. मग महाराज भाजीवर ओरडले. होय, भाजीवर. "पाल्या, श्रीमंताची कढई असो की गरिबाची, तू आळतोस! पोट मोठं आणि तू मूठभर! आजवर चाललं. आज आळायचं नाही. ज्या मापानं मीठ पडलंय, त्या मापानं उभा राहा!"

लोचनाबाईकडे वळून म्हणाले, "जाळ वाढव. झाकण ठेवू नकोस. सगळ्यांना दिसू दे."

तिने लाकडे सारली. वाफ निघाली. लसणाचा वास ओढ्यापर्यंत गेला. पाला गडद झाला, मऊ झाला, झाऱ्याने दाबला तर शिजलेला लागे, देठ बोटाने मोडे. आणि डोंगर बसेना. लोचनाबाई ढवळी, खालचे वर करी, डोंगर तसाच.

पंगत तिच्या अंगणात आणली. पहिला घास गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या खंडूतात्यांनी घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तात्यांनी सावकाश चावले, गिळले.

"मीठ?" कुणीतरी विचारले.

"बरोबर हाय," तात्या म्हणाले. "आणिक वाढ."

साठ पत्रावळी पुन्हा पुन्हा भरल्या. हैबतराव बाजेवरून बघत होते. शेवटी लोचनाबाई एकसष्टावी पत्रावळ घेऊन त्यांच्यापुढे गेली. "मी बोलावलं व्हतं तुमास्नी. जेवा."

त्यांनी घास घेतला. आपल्या हाताचे मीठ त्यांना जिभेवर लागले, कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. ते बाजेवरून उतरले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या पायांशी काय काम आहे तुझं? मीठ कुणाच्या कढईत टाकलंस?"

साठ माणसांसमोर हैबतराव वळले, फेटा काढून खाली ठेवला आणि लोचनाबाईपुढे मातीत डोके टेकवले. "चुकलो, बाई. बांध तुझेच समज."

लोचनाबाईचा राग अजून उतरला नव्हता. "उठा," ती म्हणाली. "बांध तुमचेच ऱ्हाऊद्यात. खुडायला कुणाला आडवू नका, मंजे झालं. आन् मीठ कवा टाकायचं, ते घरात इचारा."

पंगत उठली, तेव्हा कढईत एका माणसापुरती भाजी उरली होती. सासूने ती भाकरीवर घेतली.

त्या दिवशी सकाळी लोचनाबाईच्या घरात मिठाचा खडा नव्हता; मिठाची बरणी चुलीमागे पालथी घातलेली होती.