नाकेदाराचा तांब्या

शेजारच्या दोन राजांनी ठरवलं, की आपापल्या मुलखात घडलेल्या मालावर जकात घ्यायची नाही. त्या भरवशावर हौसा कुंभारीण गाडीभर माठ घेऊन पलीकडच्या बाजाराला निघाली. नाक्यावर नाकेदारानं गाडी अडवली.

“माती तुमची, पण भिजवली नदीच्या पाण्यानं. नदी येते तिसऱ्याच मुलखातून. म्हणजे माल परका! जकात भर, नाहीतर माघारी फिर.”

बाजार चुकला तर उन्हाळा हातचा जाणार. हौसानं नाकेदाराजवळच्या पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं.

“सरकार, हे पाणी कुठलं?”

“त्याच नदीचं. जन्मापासून पितोय.”

“मग माठांआधी तुम्हीच परके झालात की! परक्याला इथं जकात मागायला कुणी बसवलं?”

मागच्या गाडीवाल्यांत हशा पिकला. नाकेदारानं अडसर उचलला. हौसा गुणगुणत बाजाराला गेली. नाकेदाराची मात्र त्या दुपारी तांब्याला हात लावायची छाती झाली नाही.