हत्तीचं इंजेक्शन

माणसांच्या इस्पितळांत असलं काही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जंगलातल्या इस्पितळात औषधांचं आपोआप उघडणारं कपाट आलं. पंजा टेकवून पेशंटचं नाव सांगितलं की त्याचा कप्पा उघडायचा. दसऱ्याला सगळ्यांनी कपाटाला हार घातला आणि त्या दिवसापासून बाटल्यांवरची नावं वाचणं सोडून दिलं.

नर्सिंग शिकणारी झिपरी खार सशाचं औषध घ्यायला गेली. कप्पा उघडला, तिने बाटली उचलली आणि सशाच्या खाटेपाशी येऊन सुई भरली.

"पोरी, बाटलीवर हत्ती का गं काढलाय?" ससेआजोबांनी विचारलं.

"कपाटाने दिलंय, आजोबा. ते चुकत नाही."

"पण कपाट भरतं कोण?"

झिपरीने बाटली फिरवून नाव वाचलं. औषध हत्तीचं होतं. एवढ्या औषधाने आजोबा पुन्हा उठलेच नसते. ती धावत कपाटाकडे गेली. "आजोबांना मारलं असतंस की!"

"माझं काम कप्पा उघडायचं," कपाट म्हणालं. "वाचायला तुला ठेवलंय ना?"

तेवढ्यात, सकाळी गप्पांच्या नादात कप्पे भरणाऱ्या थोरल्या सिस्टर बगळीणबाई तावातावाने आल्या. त्यांनी तिथल्या तिथे नवा नियम केला: यापुढे बाटली पेशंटला दाखवायची नाही.