आधी शेवटाला

आण ती वही इकडं, इरा. काय लिहिलंयस हे? 'गद्य आणि पद्य यांतील फरक सांगा.' आणि उत्तर काय, तर 'पद्यात ओळी लहान असतात.' आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूणही केली? ओळी लहान असतात म्हणे. सरक तिकडं, शौनकला जागा दे, आणि सगळं पांघरूण एकटीनं ओढू नकोस. माझं डोकं तापलंय, आणि गोष्ट सांगितल्याशिवाय ते काही उतरायचं नाही. तेव्हा गुमान ऐका.

तर एकदा काय झालं, एका राजाला गाण्याची लाज वाटायला लागली.

का वाटली ते सांगते, पण आधी पाट समजून घ्या. त्याच्या राज्यात एक नदी होती. नदीतून एक पाट काढलेला, आणि पाटावर तीन गावं. पहिलं माथेगाव, नदीला लागून. मग मधेगाव. आणि पार टोकाला टोकवाडी. पाटाच्या तोंडाशी एक भला मोठा धोंडा होता. तो सरकला की पाणी सुटायचं. आणि धोंड्याखाली राहायच्या साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी, बरं का. हिरवी लुगडी, ओले केस मोकळे. पाट त्यांनीच गावांना दिला होता, आणि देताना कुणी कधी पाणी घ्यायचं ते ओवीत बांधून दिलं होतं. ती ओवी अशी:

आधी शेवटाला । मग मधल्याला ।
उरेल माथ्याला । तेच त्याचं ॥
वाकड्या बोटानं । वळवील पाट ।
त्याची पडे गाठ । आसरांशी ॥

कळलं का शौनक? माथेगावच्या तर दारावरूनच पाणी जातं, त्याला काय कमी? म्हणून पहिली पाळी टोकवाडीची, आणि माथेगावानं थांबायचं. दरसाल पाणी सोडायच्या दिवशी तिन्ही गावच्या बायका धोंड्यापाशी जमायच्या, ओवी म्हणायच्या, आणि धोंडा आपोआप बाजूला व्हायचा. दळताना तीच ओवी, पोरं थोपटताना तीच. पाण्यावरून भांडण कसं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आता माथेगावात होता एक निळोपंत. राजाचा दफ्तरदार, म्हणजे सरकारी कागद लिहिणारा. अक्षर मोत्यासारखं, आणि मन कसं होतं ते मी सांगत नाही, झोपताना तोंड विटाळायला नको. त्यानं केळीची बाग लावली. केळीला पाणी लागतं बदाबदा. हा मेला रोज बांधावर उभा राहून बघायचा, की पाणी आपल्या दारावरून टोकवाडीला चाललंय. आणि त्याच्या पोटात दुखायचं.

मग त्यानं ठरवलं की ओवीच फिरवायची. चार गाणारे तयार केले आणि गावोगाव धाडले. त्यांनी म्हणायचं, आधी माथ्याला, मग मधल्याला, उरेल शेवटाला. आता बोटं मोज, इरा. आ-धी-शे-व-टा-ला. किती? सहा. आणि आ-धी-मा-थ्या-ला? पाच. पाचावर हात अर्ध्यातच राहिला आणि जातं थांबलं. पुढं उ-रे-ल-शे-व-टा-ला, सात. तिथं जातं अडखळलं. बायका म्हणाल्या, ही ओवी लंगडी कुणी केली? टोकवाडीच्या नाही, माथेगावच्याच बायका, बरं का. खुद्द निळोपंताच्या बायकोनं दळण थांबवून हेच विचारलं. गाणारे खाली मान घालून परत आले.

मग निळोपंताला एक कळलं. ओवीत खोटं घुसवता येत नाही. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी शेंबड्या पोराला ऐकू येतं. म्हणून तो गेला राजाकडं आणि लागला त्याच्या कानाला. म्हणाला, कायदा कुठं गाण्यात असतो का? शेजारचे राजे हसतात आपल्याला. बायका पीठ पाडताना गुणगुणतात तो काय राज्याचा हुकूम? हुकूम साध्या वाक्यांत हवा, कागदावर हवा, खाली शिक्का हवा.

झालं. राजाला लाज वाटली. लाज वाटायला दुसरं काही मिळालं नाही त्याला. त्यानं दवंडी पिटवली की आजपासून ओवी बंद, आणि गाताना जो सापडेल त्याच्या शेताचं पाणी तोडलं जाईल. धोंडा ओढायला दोन हत्ती नेमले. हत्तींनी ओढला, धोंडा सरकला. आसरा गप्प राहिल्या.

पहिल्या वर्षी निळोपंतानं लिहिलं, 'पाटाचे पाणी प्रथम टोकवाडीस द्यावे.' सरळ वाक्य. लोक म्हणाले, हे तर ओवीतलंच आहे, उगीच घाबरलो. दुसऱ्या वर्षी त्याच वाक्याला शेपूट फुटलं. 'परंतु माथेगावच्या केळीस गरज असल्यास ती आधी भागवावी.' कुणाच्या लक्षातही आलं नाही. वाक्यच ते, हवं तेवढं लांबवा, त्याला जातं थोडंच अडतंय? तिसऱ्या वर्षी आणखी एक शेपूट. 'तथापि गरज किती, हे माथेगावाने ठरवावे.' आता सांगा मला, कुंपणानंच शेत खायचं म्हटल्यावर दाद कुणाकडं मागायची? आणि सगळ्यात खाली, अगदी बारीक अक्षरात लिहिलं, 'ज्या गावी एकही चूल पेटत नाही, त्या गावाची पाळी कायमची संपली.' तिन्ही वर्षं राजानं न वाचता शिक्का मारला.

टोकवाडीत चाळीस घरं होती. पाट कोरडा, मग विहीर कोरडी, मग गोठे रिकामे. एकेक घर उठायला लागलं. गाडीत भांडी, भांड्यांवर म्हातारी माणसं, मागून पोरं चालत. अशी एकोणचाळीस घरं गेली. आणि चूल राहिली एकच, साळूबाईची.

साळूबाई कोण? एक बाई. नवरा नव्हता, कडेवर एक लेक होती आणि भातशेतीचा एक तुकडा होता. तिला कुणीतरी तो बारीक अक्षरातला हुकूम वाचून दाखवला होता. तेव्हापासून ती तीन कोसांवरून पाणी आणायची आणि दोन्ही वेळा चूल पेटवायची. शिजवायला काही असो नसो, धूर निघाला पाहिजे. कारण धूर थांबला की टोकवाडीचं पाणी जन्माचं गेलं. आणि तिकडं तो निळोपंत माथ्यावर उभा राहून रोज धूर बघायचा, आज तरी थांबला का म्हणून. मला तर इतकी चीड येते ना त्याची. हसतोस काय शौनक?

मग साळूबाई राजाकडं गेली. भर दरबारात उभी राहून तिनं ओवी म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाण्याला बंदी आहे म्हणून शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग ती पुन्हा गेली. या वेळी गायली नाही. साधं बोलली, की पाणी येत नाही, गाव उठलं, मी एकटी उरले. निळोपंतानं कागद उघडला आणि वाचला. परंतु झालं, तथापि झालं. साळूबाई म्हणाली की हे असं नव्हतं, हे मागाहून घातलंय. तर हा तिलाच म्हणतो, शिक्का बघ, राजाला खोटं ठरवतेस का? चोर तो चोर, वर शिरजोर. आणि राजानं मान डोलावली. पालथा घडा नुसता.

तिसऱ्यांदा ती दरबारात गेलीच नाही. तिनं चुलीत एक जाड ओंडका सरकवला, दिवसभर धूर पुरेल असा. लेकीला कडेवर घेतलं. आणि भर दुपारी, जेव्हा पाण्यावर कुणी जात नाही तेव्हा, ती पाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. देवापुढं हात जोडतात तशी नाही. कमरेवर हात ठेवून. म्हणाली, "वाकड्या बोटानं वळवील त्याची गाठ पडेल म्हणालात. कधी पडायची? माझी चूल विझल्यावर?"

पाणी हललं आणि सातीजणी वर आल्या. लुगडी निथळत होती. त्यांनी विचारलं, काय झालंय? साळूबाई आणखीच भडकली. म्हणाली, तीन वर्षं इथंच बसलात ना? थोरली आसरा म्हणाली, "ओवी आमची. कसं असावं, ते तिच्यात आहे. काय झालं, ते तिच्यात नाही, आणि ते आम्हाला कुणी येऊन सांगितलंही नाही. बस. गाऊ नकोस. कुणी, कधी, काय केलं, ते सरळ सांग."

मग साळूबाई खाली बसली आणि तिनं सांगितलं. आधीचं आधी, नंतरचं नंतर. बाग कुणाची, गाणारे कुणाचे, परंतु कोणत्या वर्षी आलं, तथापि कोणत्या वर्षी. ना सूर लावला, ना गळा काढला. ऊन कलेपर्यंत सांगत होती, आणि सातजणी ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या बरं म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मग आला पाणी सोडायचा दिवस. दोन हत्तींनी धोंडा ओढला. साखळदंड तुटला. दुसऱ्या दिवशी चार हत्ती लावले. तिसऱ्या दिवशी आठ. धोंडा तसूभर हलला नाही. केळीची पानं लोंबायला लागली आणि राजवाड्यातल्या हौदाचा तळ दिसायला लागला. तेव्हा कुठं राजा पायी चालत आला, हौद सुकल्यावर.

निळोपंतानं धोंड्यासमोर उभं राहून कागद वाचला. मोठ्यांदा, स्पष्ट, खालच्या शिक्क्यासकट. धोंडा काय ऐकतोय? मग राजानं फर्मावलं की बायकांना बोलवा, म्हणू दे ती ओवी एकदा. तिन्ही गावच्या बायका आल्या. पुढं साळूबाई. पण कुणी तोंड उघडेना. साळूबाई म्हणाली, "बायका म्हणणार नाहीत, महाराज. तुम्ही म्हणा."

राजा म्हणाला की मला गाणीबिणी येत नाहीत.

"मग तुमचा कागद म्हणा. तीनदा शिक्का मारलात. न बघता म्हणा."

राजानं सुरुवात केली, पाटाचे पाणी प्रथम. पुढं काय? परंतु आधी होतं की तथापि? त्यानं निळोपंताकडं बघितलं. निळोपंतानं घाईघाईनं कागदात बघितलं. ज्यानं लिहिला, त्यालाही येत नव्हता.

"आता ओवी म्हणा," साळूबाई म्हणाली.

राजा उभा राहिला. मग पुटपुटला, आधी शेवटाला. आणि पुढचं त्याच्या तोंडातून आपोआप यायला लागलं. त्याच्या दाईनं त्याला थोपटताना म्हटलेलं, तो तान्हा होता तेव्हाचं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. तीस वर्षांत त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि सगळंच्या सगळं तोंडात होतं. त्याची पडे गाठ आसरांशी, इथंवर तो आला. आणि धोंडा सरकला.

पाणी सुटलं. केळीच्या दारावरून सरळ पुढं गेलं, मधेगाव मागं टाकलं आणि टोकवाडीत शिरलं. साळूबाईच्या चुलीतून अजून धूर येत होता.

राजा ओशाळला. म्हणाला, बाई, तू माग ते देतो. शिवाय जे झालं त्याचीही एक ओवी बांधू, म्हणजे लोक विसरणार नाहीत. बायका बसल्या बांधायला. उठलेल्या एकेक घराचं नाव घालायचं होतं. धोंडाई गवळी, ती बसली. पण विश्वंभर तांबट काही केल्या बसेना. मोज हवं तर, सात होतात. आणखीही पाच नावं तशीच अडली. मधेगावची एक हुशार मुलगी होती, गळा गोड होता तिचा. ती म्हणाली, ही सहा नावं गाळू या, म्हणजे चाल छान बसते.

साळूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सहा घरं गाळायची? चाल बिघडते म्हणून? ती घरं काय उठली नव्हती?" आणि ती राजाकडं वळली. "मला दुसरं काही नको. कागद आणा. यानं लिहायचं, आणि मी सांगेन ते लिहायचं."

मग निळोपंताला टोकवाडीत पाटाच्या काठावर बसवलं. साळूबाईनं एकेक घर सांगितलं. कुणाचं, कोणत्या महिन्यात उठलं, गाडीत काय होतं, कुठं गेलं. धोंडाईच्या सासूनं वाटेत एका लिंबाखाली जीव सोडला, तेही सांगितलं. निळोपंत त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होता. मध्येच त्याला एक परंतु घालावासा वाटला. त्यानं मान वर केली, तर त्याच्या भोवती सात ओल्या बायका बसलेल्या. त्यानं एकही परंतु लिहिला नाही. विश्वंभर तांबट कागदावर आरामात बसला.

मग माणसं पाठवून घरं शोधली. तीस घरं परत आली. नऊ सापडलीच नाहीत. आणि तेव्हापासून काय करतात, तर पाणी सोडायच्या दिवशी बायका ओवी म्हणतात आणि धोंडा सरकतो. मग पाणी टोकवाडीला पोचेपर्यंत तो कागद वाचतात. अख्खा. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस घरं. राजासुद्धा उभा राहून ऐकतो. पोरांचे पाय दुखतात, पण कुणी बसत नाही.

साळूबाईला भात झाला, लेक मोठी झाली, टोकवाडी पुन्हा नांदती झाली. माथेगावला जेवढं उरलं तेवढं मिळालं, आणि ते पुरलं, बरं का. पुरणारच होतं. सगळी सुखानं राहिली.

काय रे शौनक? त्या नऊ घरांचं काय झालं? ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. डोळे पूस, रडायचं नाही त्यावर. राग येतोय का? येऊ दे. असा येऊ दे की उद्या सकाळीही राहिला पाहिजे. आता दोघंही कुशीवर वळा आणि झोपा.