जळलेल्या वाटेचा विमा

घाटमाथ्यावरच्या एका बाजारगावात एकदा एक वृद्ध पेढीवाले राहत असत. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. घाट उतरून बंदराकडे जाणाऱ्या मालाचा ते विमा उतरवत. प्रत्येक व्यापाऱ्याने निघताना थोडी रक्कम पेढीत ठेवायची. मग कोणाची गाडी दरीत गेली किंवा माल चोरीला गेला, तर त्या साठ्यातून भरपाई व्हायची. त्या भरवशावर व्यापारी गाड्या जुंपत आणि विणकरांचे माग चालत. अण्णांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, मायाळू आणि जरा जास्तच काळजीखोर.

एके वर्षी घाटात विपरीत घडले. काही सशस्त्र माणसांनी एका कापडव्यापाऱ्याच्या गाड्या अडवल्या, दोन गाडीवानांना ठार केले आणि गाड्यांसकट सगळे कापड पेटवून दिले. लुटले काहीच नाही. "या वाटेने जो येईल त्याची हीच गत होईल," एवढे ओरडून ते निघून गेले.

अण्णा आधी गाडीवानांच्या घरी जाऊन बसले, त्यांच्या बायकामुलांची सोय लावली. मग व्यापाऱ्याला पूर्ण भरपाई दिली. शिष्याला पेढीचा अभिमान वाटला. व्यापाऱ्याने मात्र ती रक्कम तिजोरीत टाकून कुलूप लावले. "अण्णा, पैसा परत आला, पण पाय निघत नाहीत हो," तो म्हणाला. इतरांचीही तीच गत. माल कोणी उचलेना, तसे माग थांबू लागले. विणकर गाव सोडण्याची भाषा बोलू लागले.

शेजारच्या पेढ्यांनी विम्याचा दर तिप्पट केला. अण्णांनी मात्र आपला दर निम्म्यावर आणला. अट एकच घातली, सगळ्यांनी एकाच दिवशी एकत्र निघायचे.

शिष्य हवालदिल झाला. "अण्णा, तब्येत बरी आहे ना तुमची? धोका वाढला की दर वाढवतात. पुन्हा आग लागली तर पेढी बुडेल आपली!"

"बुडेल खरी," अण्णा हसले. "मग तू स्वयंपाक कर, मी भांडी घासतो. तुझ्या हातचं पिठलं मला आवडतं."

शिष्य हसला नाही. तेव्हा अण्णांनी त्याला जवळ बसवले.

"बाळा, चोराला माल हवा असतो, म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो. या लोकांना माल नकोच होता. त्यांना वाट बंद पाडायची होती. गाड्या जळल्या एकाच्या, पण घरी बसल्या सगळ्यांच्या. आता दर वाढवला, तर अगदीच नडलेला एखादा निघेल, आणि एकटी गाडी गाठणं त्यांना सोपं. ती जळली की दर आणखी वाढवायचा. शेवटी आपली पेटी भरलेली राहील आणि बाजार ओस पडेल. माणसानं पुढचं पाऊल टाकावं म्हणून आपण विमा उतरवतो. पाऊलच पडलं नाही, तर नुसती भरपाई काय कामाची?"

ठरल्या दिवशी वेशीपाशी गाड्यांची रांग लागली. कापडव्यापारीही आला, पण कासरा हाती घेऊन त्याने तो पुन्हा खाली ठेवला. "नाही जमत," म्हणून तो खाली उतरू लागला. त्याची गाडी सर्वांत पुढे होती. मागचे सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

शिष्य पुढे झाला आणि गाडीवर चढला. "शेठजी, सरका थोडं. मीही येतो."

"अरे, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. फार वाटते."

व्यापाऱ्याने सरकून जागा दिली आणि बैलांना हाक घातली. मागोमाग एकेक गाडी हलली.

"अण्णा, जेवून घ्या, माझी वाट पाहू नका," शिष्य ओरडला.

अण्णांनी हात उंचावला. दर निम्मा करताना तो हात जराही कापला नव्हता. आता कापत होता. आपण साऱ्या गावाकडे काय मागितले होते, ते त्यांना त्या क्षणी उमगले.