पालथं न घातलेलं खोगीर

घोडीच्या चालीवरून राजाची ऐट जोखली जायची, त्या काळची ही गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका राज्यात पिंगळी नावाची घोडी होती. सात वर्षं तिनं राजाला पाठीवर मिरवलं. लगाम सैल सोडला तरी वाट चुकायची नाही.

आणि अचानक पिंगळी बिघडली. खोगीर दिसलं की कान पाडायची. पोटाखालचा तंग आवळला की चावायला धावायची. उतार आला की अडून बसायची.

मग काय, शहाण्यांना ऊत आला. प्रधान म्हणाले, "माजलीय. काटेरी लगाम घाला." घातला. तोंड रक्ताळलं, घोडी तशीच. राजगुरू म्हणाले, "दृष्ट लागलीय." मिरच्या जाळल्या. सगळी पागा खोकली, घोडी तशीच.

तिला सांभाळणारा म्हातारा मोतद्दार रोज घसा कोरडा करत होता. "अहो, तिची पाठ दुखतेय. रपेटीनंतर सगळी पाठ घामानं निथळते, पण खांद्यामागे तळहाताएवढी जागा कोरडीच राहते. तिथं काहीतरी रुततंय. एकदा खोगीर उलटून बघा."

प्रधान कानांवर हात ठेवायचे. "खोगीर पालथं? राज्य पालथं घालतोस की काय, म्हाताऱ्या?"

कारण त्या राज्याची रीतच तशी. राजाचं खोगीर म्हणजे गादी, आणि गादी पालथी घालायची नाही. ते चढवण्या-उतरवण्याचा मान प्रधानांच्या घराण्याचा. मोतद्दारानं त्याला बोटही लावायचं नाही. दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. हळद, कुंकू, झेंडू, सगळं वरून. खालून तीन पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला भर मिरवणुकीत पिंगळीनं राजाला खाली टाकलं. राजाचा डावा हात मोडला. हुकूम सुटला, "उद्यापासून हिला चुना मळायच्या घाण्याला जुंपा."

आता मोतद्दाराला राहवेना. दुसऱ्या दिवशी पिंगळीला राजापुढे उभं करून तो म्हणाला, "महाराज, माझं डोकं उडवा हवं तर. पण आधी तुमचा धड हात द्या."

त्यानं राजाचा अंगठा धरला आणि घोडीच्या कण्यालगत दाबत नेला. खांद्यामागे पोचताच पिंगळीची पाठ खचकन खाली गेली. कातडी थरथरत राहिली.

"सकाळी वैद्यबुवांनी तुमचा हात असाच दाबला. तुम्ही कळवळलात. त्यांनी तुम्हाला चाबूक मारला का?"

राजा प्रधानांकडे वळला. मग म्हणाला, "प्रधानजी, पालथं करा ते."

खोगीर पालथं झालं. राज्य होतं तिथंच राहिलं. आतल्या लाकडाला तडा गेला होता आणि त्याची बोटभर ढलपी अस्तराखाली टेंगळासारखी उभी होती.

पिंगळी वर्षभर बिनखोगिराची चरली, तेव्हा कुठं बरी झाली. पुढच्या दसऱ्याला राजा पायी चालला. खोगीर पुजण्याआधी उलटून बघायचं आणि घोडीची पाठ स्वतः चाचपायची, असा नवा मान प्रधानांच्या घराण्याला मिळाला. पिंगळीच्या पाठीवर त्या जागी पांढरे केस उगवले, ते मात्र कायमचे.

मुका जीव बिघडला म्हणण्याआधी त्याला कुठं दुखतंय ते हात लावून बघावं.